मराठी क्रियारूपांतील अवयवविभाग व आघात

इटालियन भाषेत 'पार्लो' या रूपाच्या पहिल्या अवयवावर आघात दिला तर 'मी बोलतो' आणि अंत्य अवयवावर दिला तर 'तो बोलला' असा अर्थ होतो. म्हणजे आघात तेथे पुरुष व काळ दोन्ही ठरवितो. मराठीत अशी अर्थभेदक जोडी नाही. यावरून मराठी क्रियारूपांत आघाताचा विचारच अनावश्यक मानणे घाईचे होईल.

अडचणीचे मूळ परिभाषेत आहे. लेखनातील चिन्ह व उच्चारातील अवयव या दोहोंना आपण 'अक्षर'च म्हणतो. 'समजला' व 'समजून' ही एकाच धातूची रूपे. पण उच्चारात पहिले स-मज्-ला, दुसरे सम्-जून. 'विसरला-विसरून', 'उतरला-उतरेल' यांचीही तीच गत. व्यंजनादी प्रत्ययापूर्वी धातूतील दुसरा अकार टिकतो, स्वरादी प्रत्ययापूर्वी लोपतो. (वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेचे नावही आपण 'पिप्-री' असेच उच्चारतो.) आघात नसल्यामुळे अकार लोपला, असे सांगण्याची प्रथा आहे. परंतु आघात कोठे आहे हे मराठीत बहुधा अवयवाच्या गुरुत्वावरूनच ओळखावे लागते, आणि 'सम्' गुरू झाला तो अकार लोपल्यामुळे! हे चक्रक होय. वैदिक स्वराचा वारसा मराठीत आघातरूपाने टिकला, हे टर्नर यांचे १९१६ मधील प्रतिपादनही येथे उपयोगी पडत नाही. धातू एक, वारसा एक, तरी अकाराचे भवितव्य प्रत्यय ठरवितो.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीतील 'करून रायला' हे रूप या दृष्टीने उद्बोधक आहे. सहायक क्रियापद आघातहीन म्हणून 'राहिला'चे 'राय्-ला' झाले, हे स्पष्टीकरण प्रथमदर्शनी पटते. पण 'पाहिला'चे 'पायला' व 'पाहिजे'चे 'पायजे' होते, आणि 'पाहणे' तर मुख्य क्रियापद आहे. तेव्हा कारण सहायकत्व नसून स्वरमध्यस्थ हकाराचा लोप हेच मानावे लागते.

छंदःशास्त्राच्या अभ्यासकांना यातील भेद विशेष जाणवावा. 'सम' या दोन लघूंच्या जागी 'सम्' हा एक गुरू आला तरी मात्रा दोनच राहतात, म्हणून जातिरचनेला बाध येत नाही. अक्षरगणवृत्तात मात्र लघुगुरूंचा क्रमच मोडतो. त्यामुळे तेथे पठण करणाऱ्याला बोलण्यात गेलेला अकार परत आणावा लागतो.