रिंगणाबाहेरचा मुष्टियोद्धा

मुष्टियुद्धावरील चित्रपटातील अभिनय ठोशांवरून जोखण्याचा मोह सहज होतो. मार्टिन स्कॉर्सेसी दिग्दर्शित ‘रेजिंग बुल’ (१९८०) या कृष्णधवल चित्रपटाबाबत तर रॉबर्ट डी नीरो यांच्या वजनाचीच चर्चा अधिक झाली. जेक लामोटा या खऱ्याखुऱ्या जगज्जेत्याची भूमिका करण्यासाठी ते मुष्टियुद्ध शिकले. पुढे उत्तरायुष्यातील स्थूल जेक साकारण्यासाठी चित्रीकरण थांबवून त्यांनी सुमारे २७ किलो वजन वाढविले. १९८१ साली त्यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. तथापि या अभिनयाचे मोल वजनकाट्यावर ठरत नाही, असे आम्हांस वाटते.

जेकची खरी लढत घरात चालते. टीव्ही दुरुस्त करता करता तो धाकट्या भावाला, जोईला, आपल्या पत्नीविषयी एक घाणेरडा प्रश्न विचारतो. डी नीरोंचा आवाज चढत नाही. तोच प्रश्न ते फिरून फिरून विचारतात, आणि संशयाने पोखरलेले मन उघडे पडते. जोईच्या भूमिकेतील जो पेशी आधी अविश्वासाने पाहतात, मग दुखावतात, मग संतापतात. त्यांच्या चेहऱ्यावरील हे बदल पाहूनच भावाभावांचे नाते तुटल्याचे आपल्याला कळते.

पत्नीला मारणाऱ्या पुरुषाविषयी प्रेक्षकाच्या मनात करुणा जागविणे, म्हणजे त्याच्या अपराधावर पांघरूण घालणे नव्हे काय? हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर कॅथी मोरिआर्टी यांच्या अभिनयात आहे. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्यांची विकी फारशी रडत नाही. मोटारीची काच जेमतेम खाली करून ती जेकला सोडून जाण्याचा निर्णय सांगते, तेव्हा तिच्या कोरड्या स्वरात कित्येक वर्षांचा छळ ऐकू येतो. त्यानंतर चित्रपट तिला जवळजवळ विसरतो, हे मात्र त्याचे उणेपण होय.

पुढे तुरुंगाच्या अंधाऱ्या कोठडीत जेक भिंतीवर डोके आणि मुठी आपटतो. आपण जनावर नाही, असे रडत म्हणतो. येथे डी नीरोंचा चेहरा बहुतांशी अंधारात आहे. प्रेक्षकांची दया मिळविण्याचे हुकमी साधनच त्यांनी दूर ठेवले आहे. जेकच्या यातना आपणांस जाणवतात. परंतु त्याचा दोष कमी झाला, असे क्षणभरही वाटत नाही.

अखेरीस योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील, दृष्टी लाभलेल्या जन्मांधाचे शब्द पडद्यावर उमटतात. जेकला दृष्टी लाभली काय? त्याआधी आरशासमोर बसून तो ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४) मधील मुष्टियोद्ध्याचे, भावाला दोष देणारे संवाद घोकतो. डी नीरो ते जाणीवपूर्वक निर्विकार स्वरात म्हणतात. त्यामुळे जेक अजूनही भावालाच दोष देतो आहे, की आरशातील स्वतःला, याचा निर्णय आपणांस करावा लागतो. हा चित्रपट मुलांसोबत पाहण्याजोगा नव्हे; पतिपत्नींनी मात्र तो एकत्र पाहावा आणि त्यावर मोकळेपणाने बोलावे.