९४.८ टक्के नेमके कशाचे? सुगम्यतेच्या एका आकड्याची चिकित्सा

वेब सुगम्यतेवरचा एखादा पेपर, प्रस्ताव किंवा सेमिनारच्या स्लाइड्स उघडा. सुरुवातीलाच साधारण अशा अर्थाचं वाक्य भेटतं: जगातल्या ९५ टक्के वेबसाइट्स अपंग व्यक्तींना वापरता येत नाहीत. आकडा भारदस्त असल्यामुळे समोरचे मान डोलावतात आणि सादर करणारा पुढच्या स्लाइडवर जातो. आज आपण पुढे न जाता तिथेच थांबू. हा आकडा कुठून आला, त्यात काय मोजलंय, काय सुटलंय आणि तुमच्या प्रस्तावात तो वापरायचा असेल तर कसा लिहायचा, हे पाहू.

आकड्याचा उगम

अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठात वेबएम नावाची संस्था आहे. २०१९ पासून ती दरवर्षी दहा लाख वेबसाइट्सची होम पेजेस ‘वेव्ह’ या स्वतःच्या टूलने तपासते आणि ‘वेबएम मिलियन’ नावाने अहवाल काढते. ही तपासणी डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबवरच्या मजकुराच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, यांच्या आधारे होते. २०१९ मध्ये ९७.८ टक्के होम पेजेसवर किमान एक चूक सापडली होती. २०२५ मध्ये हा आकडा ९४.८ टक्के होता. एका पेजवर सरासरी ५१ चुका.

अहवालाची बाजू आधी नीट मांडू, कारण टीका करायची तर समोरच्याचं बलस्थान माहीत हवं. एकच पद्धत वर्षानुवर्षं वापरल्यामुळे कल दिसतो. शिवाय सापडलेल्या चुकांपैकी सुमारे ९६ टक्के चुका फक्त सहा प्रकारांत मोडतात, ही फार उपयोगी माहिती आहे: पार्श्वभूमीत मिसळून जाणारी फिकट अक्षरं (२०२५ मध्ये ७९.१ टक्के पेजेसवर), चित्राला ऑल्ट टेक्स्ट नसणं (५५.५ टक्के), फॉर्मच्या रकान्यांना लेबल नसणं, रिकाम्या लिंक्स, रिकामी बटणं आणि पेजची भाषा न सांगणं. यातली एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. साधी कामंही होत नाहीत, हे या अहवालाने पुराव्यानिशी दाखवून दिलं.

एका वाक्यात तीन उड्या

आता सुरुवातीच्या वाक्याकडे परत या. अहवालातून त्या वाक्यापर्यंत पोचताना तीन उड्या मारलेल्या आहेत.

पहिली उडी ‘होम पेज’वरून ‘वेबसाइट’वर. माणसं होम पेजवर राहत नाहीत. परीक्षेचा फॉर्म भरणं, फी भरणं, तिकीट काढणं, निकाल पाहणं ही कामं आतल्या पानांवर होतात आणि ती पानं या तपासणीत नाहीत. आत परिस्थिती बरी असेल किंवा वाईट. या डेटावरून ते सांगता येत नाही.

दुसरी उडी ‘किमान एक चूक सापडली’वरून ‘वापरता येत नाही’वर. पानाच्या तळाशी कॉपीराइटची ओळ फिकट राखाडी असणं ही चूक आहेच, पण तिच्यामुळे कुणाचा फॉर्म अडत नाही. ‘सबमिट’ बटण कीबोर्डने दाबताच येत नसेल तर मात्र सगळं कामच ठप्प. टक्केवारीत दोन्ही पेजेस एकाच रांगेत बसतात.

तिसरी उडी सगळ्यात घातक, आणि ती बोलून दाखवली जात नाही. ९४.८ टक्के वाईट, म्हणजे उरलेली ५.२ टक्के चांगली, असं आपण मनातल्या मनात धरून टाकतो. चूक सापडली नाही याचा अर्थ पेज सुगम्य आहे असा होत नाही, हे वेबएम स्वतः अहवालात स्पष्ट सांगते. दोष अहवालाचा कमी आणि तो न वाचता उद्धृत करणाऱ्यांचा जास्त आहे. २०१९ मध्ये मानुएल मातुझोविच या वेब डेव्हलपरने तर मुद्दाम एक पेज बनवलं, जे जवळजवळ कुणालाच वापरता येणार नाही, आणि तरी गुगलच्या लाइटहाउस टूलमध्ये त्याला सुगम्यतेचे १०० पैकी १०० गुण मिळवून दाखवले.

याच अहवालात आणखी एक सापळा आहे. २०२५ मध्ये एआरआयए (स्क्रीन रीडरला जादा माहिती देणारा कोड) वापरणाऱ्या पेजेसवर सरासरी ५७ चुका निघाल्या, न वापरणाऱ्यांवर २७. मग एआरआयए वाईट का? घाई नको. एआरआयए मुळात गुंतागुंतीच्या पेजेसवर वापरलं जातं आणि गुंतागुंतीच्या पेजवर चुकाही जास्त असतात. अहवालात हा इशारा आहेच. सहसंबंध आणि कारण यांतला फरक संख्याशास्त्राच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे जास्त पक्का लक्षात राहील.

टूल ‘पास’ म्हणतं ते मराठी पान

टूलला काय दिसत नाही याचं आपल्या भाषेतलं उदाहरण घेऊ. पेजच्या कोडमध्ये सुरुवातीला भाषा सांगायची असते: मराठीसाठी ‘एमआर’, इंग्रजीसाठी ‘ईएन’. स्क्रीन रीडर त्यावरून कुठल्या आवाजात वाचायचं ते ठरवतो. वेबएमच्या आकडेवारीत भाषा न सांगणारी पेजेस २०१९ मधल्या ३३.१ टक्क्यांवरून २०२५ मध्ये १५.८ टक्क्यांवर आली. छान प्रगती, नाही का?

आता बघा. व्हीएस कोडमध्ये एचटीएमएलची नवीन फाइल उघडून उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की तयार सांगाडा येतो. त्यात भाषेच्या जागी ‘ईएन’ आधीच लिहिलेलं असतं. त्या सांगाड्यात कुणी अख्खी मराठी बातमी ओतली तरी टूल हिरवी खूण देतं, कारण टूलचा प्रश्न ‘भाषा सांगितली आहे का?’ एवढाच आहे. ‘खरी सांगितली आहे का?’ हा प्रश्न ते विचारत नाही. मग ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडेल, हे त्याने कुठला आवाज लावलाय आणि त्याचा स्क्रीन रीडर लिपी ओळखून आवाज बदलतो की नाही यावर अवलंबून. आणि लिपी ओळखली तरी देवनागरी म्हणजे मराठीच असं थोडंच आहे? हिंदी आवाजाला ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले दोन वेगळे ‘च’ कळत नाहीत.

याहून वाईट अवस्था जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मजकुराची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं परिपत्रक पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो, म्हणजे निव्वळ गोंगाट. टूलच्या दृष्टीने मात्र मजकूर आहे, रंगही ठळक आहे, चूक कुठेच नाही! अंध वाचकासाठी ते परिपत्रक कोऱ्या कागदासारखंच.

माणसांना विचारलं तेव्हा

यॉर्क विद्यापीठातल्या क्रिस्टोफर पॉवर, आंद्रे फ्रेरे, हेलन पेट्री आणि डेव्हिड स्वॉलो यांचा २०१२ चा पेपर प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्यांनी ३२ अंध वापरकर्त्यांना १६ वेबसाइट्सवर खरी कामं करायला दिली आणि आलेल्या अडचणी नोंदवल्या. एकूण १३८३. त्यातल्या फक्त ५०.४ टक्के अडचणी डब्ल्यूसीएजी २.० च्या निकषांत बसत होत्या. उरलेल्या निम्म्या कुठल्याच निकषाखाली येत नव्हत्या. लक्षात घ्या, ही तुलना निकषांशी आहे, टूलशी नाही. टूलची मर्यादा त्याहून तोकडी. मार्केल व्हिगो, जस्टिन ब्राउन आणि व्हिव्हियन कॉनवे यांनी २०१३ मध्ये सहा टूल्स तपासली. कुठलंही टूल जास्तीत जास्त निम्म्या निकषांना हात घालत होतं आणि प्रत्यक्षातल्या उल्लंघनांपैकी १४ ते ३८ टक्केच पकडत होतं.

आता या पेपरलाही तोच न्याय लावू. पॉवर आणि सहकाऱ्यांचे सहभागी फक्त अंध होते. कर्णबधिर, हाताची हालचाल मर्यादित असलेल्या किंवा वाचन-अक्षमता असलेल्या व्यक्तींबद्दल ५०.४ हा आकडा काहीच सांगत नाही. वेबसाइट्स १६ आणि काळ २०१२ चा. त्यानंतर निकष बदलले, वेबही बदललं. म्हणून ‘डब्ल्यूसीएजी निम्मं निरुपयोगी आहे’ असं लिहिणं हीसुद्धा उडीच. पेपरमधून टिकणारी गोष्ट एवढीच: निकष पाळणं आणि माणसाचं काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

हे फक्त पेपरपुरतं नाही

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. डिजिटल केवायसी करताना समोरची व्यक्ती जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठी डोळे मिचकवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या डोळ्यांना आणि चेहऱ्याला इजा झाली आहे त्यांनी ते कसं करायचं? अंध व्यक्तीने चेहरा चौकटीत कसा आणायचा? न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सुगम्य करण्यासाठी २० निर्देश दिले.

त्या स्क्रीनवर ऑल्ट टेक्स्ट, लेबल, रंग सगळं बिनचूक असू शकतं. ‘डोळे मिचकवा’ ही सूचनाच अडथळा आहे हे वेव्हला किंवा लाइटहाउसला कळण्याचा मार्ग नाही. बँक खातं किंवा सिमकार्ड मिळणं यावर अडलेलं असताना १०० पैकी १०० गुणांचा अहवाल कुणाच्या कामाचा? आणि धोका हा की संशोधनात आपण जे मोजतो तेच पुढे टेंडरच्या अटींत आणि ऑडिटच्या तक्त्यात जातं. जे मोजत नाही ते दुरुस्तही होत नाही. आपल्याकडे ‘अमुक विद्यापीठांच्या वेबसाइट्सची सुगम्यता’ छापाचे प्रबंध टूलच्या तक्त्यावर सुरू होऊन तिथेच संपतात तेव्हा ही साखळी आणखी घट्ट होते.

मग प्रस्तावात काय लिहायचं?

पहिलं म्हणजे वाक्य दुरुस्त करा: ‘वेबएमच्या २०२५ च्या स्वयंचलित तपासणीत दहा लाख होम पेजेसपैकी ९४.८ टक्के पेजेसवर डब्ल्यूसीएजी २ मधली, यंत्राला ओळखता येणारी किमान एक चूक आढळली.’ वाक्य लांबलं, चटकदार राहिलं नाही, पण व्हायव्हात कुणी उलटा प्रश्न विचारला तर ते उभं राहील.

दुसरं, टूल वापरा, पण पहिल्या चाळणीसारखं. भाषेचा कोड, ऑल्ट टेक्स्टचा अर्थ, कीबोर्डचा क्रम या गोष्टी हाताने तपासा. टूलने जे ‘पास’ केलं त्यातला नमुना तर नक्कीच.

तिसरं, माणसांसाठी वेळ आणि पैसे प्रस्तावातच धरा. सहभागींना त्यांच्या स्वतःच्या फोनवर, त्यांच्या सवयीच्या स्क्रीन रीडरवर काम करू द्या आणि मानधन द्या. डोळस वर्गमित्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधून केलेली चाचणी याची जागा घेत नाही. त्याला स्क्रीन रीडर वापरायची सवय नसते, त्यामुळे तुम्ही मोजता ते त्याचं नवखेपण.

चौथं, निष्कर्षात ‘अपंग वापरकर्ते’ असं सरसकट लिहू नका. कोण, किती जण, कुठलं साधन, कुठली भाषा, ते लिहा. मराठीत वाचणाऱ्या सहभागींवरचा अभ्यास असेल तर ते शीर्षकातच येऊ द्या.

आता एक गृहपाठ. तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा घ्या, त्याच्या मूळ अहवालापर्यंत जा आणि वाटेत किती उड्या मारल्या गेल्यात ते मोजा. सापडलं की कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या लेखात मोजक्या सहभागींवरच्या अभ्यासातून काय म्हणता येतं आणि काय नाही, यावर बोलू.