शनिवारवाड्यांतील हांक आणि 'ध'चा 'मा'

पुण्याच्या शनिवारवाड्यांत रात्रीं "काका, मला वाचवा" अशी आर्त हांक ऐकूं येते, ही दंतकथा सर्वश्रुत आहे. संशोधक तिला भाकडकथा म्हणून बाजूस सारतात. भुताखेतांवर आमचाही विश्वास नाहीं. तथापि ही बोळवण आम्हांस घाईची वाटते.

प्रथम कथेचे दोष पाहूं. हांकेची वेळ कोणी अमावास्येची सांगतो, कोणी पौर्णिमेची. नारायणराव पेशव्यांचा वध भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५ (३० ऑगस्ट १७७३) रोजीं, तोही दिवसाउजेडीं झाला. म्हणजे तिथि जुळत नाहीं व प्रहरही जुळत नाहीं. ज्या महालांत हा अनर्थ घडला ते महाल १८२८ च्या आगींत भस्मसात् झाले. तट, दरवाजे, नगारखाना व इमारतींचीं जोतीं एवढेंच आज शिल्लक आहे.

परंतु कथेचा गाभा पोकळ नाहीं. गारदी पाठीस लागतांच अठरा वर्षांचा पेशवा वाड्यांतच नजरकैदेंत असलेल्या चुलत्याकडे धांवला व त्यास बिलगून अभय मागूं लागला, असें ग्रँट डफच्या १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत आहे. तेव्हां वाडा उभा होता.

त्याच ग्रंथांत दुसरीही कथा आहे : राघोबादादांच्या आज्ञापत्रांतील 'धरावें' या शब्दाचें आनंदीबाईंनीं 'मारावें' केलें. आमचा आक्षेप येथें आहे. भुताला हंसणारे विद्वान् ही कथा मात्र निःशंकपणें इतिहास म्हणून सांगतात. मूळ चिठी पुढें ठेवण्याची त्यांस गरज भासत नाहीं. डफ हा घटनेचा साक्षी नव्हे, त्रेपन्न वर्षांनंतरचा ग्रंथकार. एका कथेस कागद मागावा व दुसरीस मागूं नये, हा अर्धजरतीय न्याय झाला.

या पक्षपाताचें फळ एका स्त्रीस भोगावें लागलें आहे. पुतण्यास धरण्याची आज्ञा दादांचीच, हें चिठीच्या कथेंतही गृहीत आहे. तरी एका अक्षराच्या आधारें साऱ्या खुनाचा भार पत्नीच्या माथीं येतो. वाड्यांतील हांक मात्र 'काका' म्हणते, 'काकू' म्हणत नाहीं. रामशास्त्री प्रभुण्यांनींही दोष दादांच्याच पदरीं घातला होता.

सारांश, हांक हा पुरावा नव्हे. पण लोकस्मृतीनें दिलेला तो निवाडा आहे, आणि चिठीच्या कथेहून तो अधिक न्याय्य आहे. ज्यांच्या दप्तरांत या प्रकरणाचे समकालीन कागद असतील, त्यांनीं ते उजेडांत आणावे. तोंवर 'ध'चा 'मा' हीसुद्धां दंतकथा म्हणूनच लिहिली जावी, इतकेंच आमचें मागणें आहे.