बतावणी
बतावणी : महाराष्ट्रातील तमाशाचे एक विनोदी, संवादप्रधान अंग. गण आणि गौळण यांनंतर व वगापूर्वी ती सादर होते. तीत मुख्यतः सरदार व सोंगाड्या हे संवाद करतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे प्रसिद्ध केंद्र आहे. चैत्र-वैशाखातील गावजत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी फडांच्या राहुट्या तेथे उभ्या राहतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यामुळे हे नाव सर्वदूर पोहोचले. जुन्नर-आंबेगाव भागातील जत्रांत बतावणीला मोठा श्रोतृवर्ग लाभत आला आहे.

बतावणीतील विनोदाला सामान्यतः ‘श्लेष’ म्हटले जाते. तथापि ही संज्ञा अपुरी आहे. श्लेषात वक्त्याला एका शब्दाचे दोन्ही अर्थ अभिप्रेत असतात. बतावणीत सरदार एका अर्थाने बोलतो व सोंगाड्या ते बोलणे दुसऱ्याच अर्थाने घेतो. मम्मटाने काव्यप्रकाशात शब्दालंकारांमध्ये वर्णिलेली वक्रोक्ती ती हीच. तिचे श्लेषवक्रोक्ती व काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार होतात. ‘बापाचं नाव काढ’ असा उपदेश ऐकून सोंगाड्याने ‘काढलं की, सातबाऱ्यावरून!’ असे उत्तर दिले, तर ती श्लेषवक्रोक्ती होय. ‘मोठा शहाणा आहेस!’ या उपरोधाचा सूर बदलून तो स्तुती म्हणून स्वीकारला, की काकुवक्रोक्ती होते.

हा भेद केवळ नावाचा नाही. श्लेषाला एक वक्ता पुरतो. वक्रोक्तीला दुसरा बोलणारा लागतो आणि अर्थ ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे जातो. सरदार हुकूम देतो, पण त्या हुकुमाचा अर्थ सोंगाड्या लावतो. पाटील, सावकार किंवा अधिकारी यांच्यावर उघड आरोप न करता त्यांची भाषाच त्यांच्यावर उलटविता येते. तमाशा कलावंतांपैकी बहुसंख्य गावगाड्यात खालचे स्थान दिलेल्या जातींतून आले, हे ध्यानात घेता वक्रोक्ती येथे भूषण न राहता बोलण्याची मुभा ठरते. कुंतकाने वक्रोक्तीला काव्याचे जीवित मानले, ते व्यापक अर्थाने; बतावणीच्या बाबतीत मात्र ते मम्मटाच्या मर्यादित अर्थानेही खरे आहे.

या प्रकाराला मर्यादाही आहेत. द्वयर्थी शब्द केवळ अश्लील सूचनेसाठी योजला, की दुसरा अर्थ आधीच ठाऊक असतो व उत्तरातील अनपेक्षितता नाहीशी होते. अशा वेळी संवाद उरतो, वक्रोक्ती उरत नाही. मुद्रित बतावणीत शब्दांवरील कोटी टिकते. पण काकू, म्हणजे स्वराचा फेरफार, हरपतो. त्यामुळे छापील संहितेवरून बतावणीला केवळ शाब्दिक कोट्यांची माळ ठरविणे न्याय्य नाही. तिचे मूल्यमापन प्रयोग ऐकूनच व्हावयास हवे.