अर्ध्या स्क्रीनचा प्रश्न

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ला कुणी साहित्य म्हणत नाही. मी मात्र गेले काही महिने त्याचे मराठी धडे समीक्षकाच्या नजरेनं वाचते आणि ऐकते आहे. लिनक्स, पायथन वगैरे विषयांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे हे धडे अनेक भारतीय भाषांत फुकट मिळतात. संहितेत दोन रकाने असतात: एकात वेळ, दुसऱ्यात निवेदन.

हे गद्य मला आवडतं. एका वाक्यात एकच कृती, पाल्हाळ नाही. मेन्यूतला ‘फाइल’ हा शब्द ‘फाइल’च राहतो, कारण पडद्यावर तोच दिसतो. ‘संचिका’ शोधायला सांगितलं, तर शिकणारा तिथेच हरवेल. शुद्ध मराठीच्या हट्टापेक्षा ही समज मोठी आहे.

पण या धड्यांनी एक वाचक गृहीत धरलाय: कॉम्प्युटरवाला. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. बघा, थांबवा, स्वतः करून पाहा. पद्धत उत्तमच. फक्त ती सहा इंची फोनवर मावत नाही.

आमच्या रविवारच्या ऑनलाइन वर्गात माण, खटाव, जतकडची मुलं येतात. शिकवणारे आम्ही सगळे हौशी; फी नाही, मानधन नाही. बहुतेकांकडे फोनच, तोही बऱ्याचदा वडलांचा. वडील रानात गेले की वर्गही रानात जातो. अशा मुलाला तोच धडा नुसता बघावा लागतो, करता येत नाही. आणि पोहण्याचे व्हिडिओ बघून कुणी विहिरीत तरंगलेलं नाही.

म्हणून वर्ग लागतो. धडा म्हणजे संहिता, वर्ग म्हणजे प्रयोग. फोनवर चालणारं ‘कोलॅब’ किंवा ‘टर्मक्स’ उघडून द्यायचं, ग्रुपवर आलेल्या चुकीच्या स्क्रीनशॉटवर व्हॉइस नोट पाठवायची, आणि मुख्य म्हणजे उदाहरण बदलायचं. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात. ‘वजन’ आणि ‘दर’ अशी दोन नावं ठेवून हळदीची पट्टी काढायला सांगितली, की सांगलीच्या मुलाला गुणाकार समजावावा लागत नाही. थेट लिहिलेले आकडे मात्र इंग्रजीच लागतात. मग ‘असं का?’ विचारलं जातं, आणि खरा तास तिथून सुरू होतो. व्हिडिओला ‘का’ विचारता येत नाही.

आता आमच्यासारख्या वर्गांवरचा माझा आक्षेप. आम्ही ‘समाजकार्य’ या शब्दावर फार लवकर खूश होतो. शिकवणारे तेच, शिकणारे दरवर्षी नवे. शिकवणारा नोकरीला लागला की ग्रुपवर फक्त ‘गुड मॉर्निंग’ उरतं. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या लिनक्स युजर्स ग्रुपची रीत मला म्हणूनच जास्त टिकाऊ वाटते. तो विद्यार्थीच चालवतात. सीनिअर ज्युनिअरला शिकवतो आणि पुढे तोच ज्युनिअर सीनिअर होतो. पण ती कॉलेजची भिंत आहे. आत प्रवेश मिळालेल्यांसाठी ही साखळी आपोआप जुळते. जतच्या अकरावीतल्या मुलीसाठी ती कुणीतरी जुळवावी लागेल.

साताऱ्याला हे नवं नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. मुलगा शिक्षणासाठी श्रम देई, त्यामुळे त्याला मिंधेपण येत नसे. आमच्या फुकट वर्गात नेमकं हेच निसटतं. घेणारा नुसता घेतच राहतो.

मला वाटतं, आपल्या वर्गांत फी असावी, पैशाची नव्हे. ज्याला लूप कळला, त्यानं पुढच्या रविवारी तो दोघांना शिकवायचा, आपल्या बोलीत, आपल्या फोनवरून. संहितेत दुरुस्ती सुचली तर तीही लिहून ठेवायची. स्पोकन ट्यूटोरियलला अर्ध्या स्क्रीनची अट घालावी लागली, कारण त्याच्या समोरचा माणूस एकटा बसलेला होता. आपला शिकणारा एकटा नाही. वर्ग घेणाऱ्यांनी महिन्याला किती मुलं आली हे मोजण्यापेक्षा त्यातली किती शिकवायला लागली, हे मोजावं.