एकाच सुरात भांडणारी स्टेशनं

मुंबईहून द्रुतगती मार्गानं पिंपरी-चिंचवडकडे येताना घाटात रेडिओवर एक गंमत ऐकायला मिळते. रेडिओ मिर्ची मुंबईत ९८.३ वर लागते आणि पुण्यातही ९८.३ वरच. रेडिओ सिटीचा ९१.१ हा आकडाही दोन्ही शहरांत तोच. एकाच आकड्यावर दोन ठिकाणचं प्रक्षेपण येऊ लागलं की एफएमच्या रिसीव्हरमध्ये जोरदार असेल ते ऐकू येतं, दुसरं दबून जातं. त्यामुळे एका वळणावर मुंबईचा आरजे बोलतो, तर पुढच्या वळणावर पुण्याचा. आरजे बोलत असेल तर फरक कळतो. कुमार सानू गात असला, तर आपण कुठल्या शहराचं स्टेशन ऐकतोय हे सांगणं अवघड होऊन बसतं.

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात जुन्या गाण्यांची जी स्पर्धा चालू आहे तिची तब्येत एवढ्यावरून कळते. स्टेशनं पुष्कळ आहेत. जिंगल वेगळी, आरजेची बडबड वेगळी, बक्षिसं वेगळी. गाणी मात्र तीच. आणि दोष आरजेंचा आहे असं मला वाटत नाही. ही स्पर्धा ज्या नियमांवर उभी राहिली तेच असे आहेत की सगळ्यांनी मध्यावर येऊन गर्दी करावी.

याच शहरांच्या रेडिओचा इतिहास पाहिला तर फरक डोळ्यांत भरतो. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालं. दोनच वर्षांत, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून गीतरामायणाचं पहिलं गाणं गेलं. केंद्रावरच्या सीताकांत लाड यांनी कल्पना उचलून धरली, गदिमांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या आणि आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी झाली. आज ज्यांना आपण अभिजात म्हणतो ती गाणी तेव्हा स्टेशननं स्वतः घडवलेली होती. मुंबई केंद्रावर यशवंत देवांच्या ‘भावसरगम’नं भावगीतासाठी तेच केलं. आता ‘क्लासिक’ म्हणवणारं एकही खासगी स्टेशन क्लासिक तयार करत नाही. दुसऱ्यांनी तयार केलेलं वाजवतं.

स्पर्धा तेव्हाही होतीच. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना हद्दपार केलं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सरकारला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती आली आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. सिलोन आणि विविध भारतीची ती झुंज खरी होती, कारण दोघांची चव वेगळी होती. सकाळी सिलोनवर जुन्या सिनेमांची गाणी लागत आणि शेवट सैगलनं होई. विविध भारतीवर ‘भूले बिसरे गीत’, रात्री ‘छायागीत’. निवेदक गाण्याबद्दल दोन वाक्यं बोलत, पण ती माहितीची असत. संगीतकाराचं आणि गीतकाराचं नाव न घेता गाणं लावणं हा तिथे शिष्टाचाराचा भंग होता.

खासगी एफएमच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००५-०६ च्या परवान्यांत, एका शहरात एका कंपनीला एकच फ्रीक्वेन्सी अशी अट होती. वरवर पाहता ती मक्तेदारी रोखणारी. पण एकच दुकान काढायचं असेल तर कुणीही ते बाजारपेठेच्या मधोमधच काढेल. लिलावात कोट्यवधी ओतलेल्या कंपनीनं फक्त जुनी मराठी गाणी, फक्त गझल किंवा फक्त रॉक लावावं अशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं होतं. शिवाय स्वतःच्या बातम्या द्यायलाही मनाई. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची मुभा मिळाली ती तिसऱ्या टप्प्यात. याच टप्प्यात काही अटींवर एका शहरात एकाहून जास्त फ्रीक्वेन्सी घ्यायला परवानगी आली आणि जुन्या गाण्यांना स्वतंत्र घर मिळालं. २०१६ मध्ये एचटी मीडियानं दिल्ली आणि मुंबईत ‘रेडिओ नशा’ काढलं. पुण्याच्या वाट्याला ते आलं नाही.

पुण्यात जे आहे ते मिश्रण आहे. बिग एफएमनं ‘सुहाना सफर’मध्ये अन्नू कपूरला बोलतं ठेवलं. या पिढीतला गोष्टी सांगणारा तो एकमेव दमदार कार्यक्रम, असं माझं मत. बाकी ठिकाणी जुनं गाणं रात्री नऊनंतर येतं, जाहिरातींचा भाव उतरला की. आणि ‘जुनं’ म्हणजे काय, तर दर काही वर्षांनी पुढे सरकणारी खिडकी. जाहिरातदारांना पंचविशी ते पंचेचाळिशीतला ग्राहक हवा असतो. त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं गाणं ते ‘रेट्रो’. म्हणून तलत महमूद गेला, मग हळूहळू किशोरकुमारची काही गाणी उरली आणि आता नदीम-श्रवण अभिजात झाले. अमेरिकेतही ‘ओल्डीज’ म्हणवणारी स्टेशनं अशीच साठच्या दशकातून ऐंशीच्या दशकात सरकली. फरक इतकाच, की तिथे एका शहरात क्लासिक रॉकची दोन-दोन स्टेशनं एकमेकांचे श्रोते पळवतात. आपल्याकडे रॉक पुण्याच्या पबमध्ये आणि २०१० पासूनच्या एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवाच्या मैदानात ऐकू आलं, रेडिओवर त्याला जागा मिळाली नाही.

त्यात मोजमापाची भानगड. रेडिओचे श्रोते दर आठवड्याला मोजणारी ‘रॅम’ पद्धत दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि कोलकाता एवढ्या शहरांपुरती राहिली. पुणे त्यात नव्हतं. ज्या शहरात कोण जिंकतंय हे आठवड्याला कळत नाही, तिथे प्रयोग करायची छाती कोण करणार? मुंबईत चाललेली यादी इथे उतरते. गाण्यांचा क्रम संगणकावरचं सॉफ्टवेअर लावतं. कुठलं गाणं किती तासांनी परत यावं हेही तेच ठरवतं.

आता हा सगळा कारभार ज्या श्रोत्यासाठी चालतो त्याच्याकडे बघू. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. इथला दिवस शिफ्टवर चालतो. फर्स्ट शिफ्टची बस निगडीहून सुटते तेव्हा रेडिओचा महागडा मॉर्निंग शो सुरूही झालेला नसतो. सेकंड शिफ्टवाला मध्यरात्री घरी निघतो तेव्हा लाइव्ह आरजे बहुधा घरी झोपलेला असतो. मशीनच्या आवाजात भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये दिवसभर रेडिओ चालू असतो, पण तिथल्या कामगाराला उद्देशून कुणी बोलत नाही. ट्रॅफिकची बातमी फर्ग्युसन रस्त्याची आणि कोथरूडची. चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेल्या माणसाला बहुतेकदा आपला चौक रेडिओवर ऐकूच येत नाही.

त्याच्या कानासाठी खरी चढाओढ स्टेशनांची आपापसांत उरलेलीच नाही. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह असतो. घरी सारेगामाचं कारवां असतं. २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरून आलेल्या या डब्यानं आरजे, जाहिरात, बडबड सगळं काढून टाकलं आणि लोकांनी पैसे मोजून ते घेतलं. स्टेशनांनी यावरून धडा घ्यायला हवा होता. श्रोत्याला जुनं गाणं नको झालेलं नाही, त्याला तेच-तेच जुनं गाणं नको झालंय. चाकणमध्येच हरमनचा गाड्यांच्या ध्वनियंत्रणांचा कारखाना आहे. तिथून निघणाऱ्या यंत्रात फोन जोडायची सोय असते, आणि एकदा फोन जोडला की रेडिओचं बटण दाबायचं कारण उरत नाही.

मराठीचं सांगायचं तर खासगी स्टेशनांवर जुनं मराठी गाणं येतं, पण पाहुण्यासारखं: सणाला, महाराष्ट्र दिनाला, गणपतीत. कारण दिलं जातं की इथे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत. आहेत ना. पण लातूर, उदगीर, बार्शी, यवतमाळहून आलेलेही हजारोंनी आहेत आणि त्यांचं जुनं गाणं म्हणजे पुण्याच्या भावगीतांपेक्षा विठ्ठल उमप, आनंद शिंदे, दादा कोंडके यांची गाणी. ही गाणी कुठल्याच स्टेशनच्या जुन्या गाण्यांच्या यादीत धड बसत नाहीत. मला यातच सगळ्यात मोठी, न वापरलेली जागा दिसते. ज्याच्याकडे दुसरी फ्रीक्वेन्सी असेल त्यानं ती रात्री बारानंतर भोसरी-चाकणसाठी अशा गाण्यांना दिली तर फार तोटा होणार नाही, कारण त्या वेळेला तसंही काही विकलं जात नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, मातृभाषेतल्या कार्यक्रमांवर भर देण्याचं सांगूनच. महाराष्ट्रातल्या यादीत लातूर, उदगीर, बार्शी, यवतमाळ आहेत. २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांच्या वर गेलेलं पिंपरी-चिंचवड मात्र परवान्यांच्या कागदावर आजही पुण्यात मोडतं.