विहिरीवरचा येशू

पावसाळ्यात हेमलकशात अडकून पडलो, तेव्हा जोतीरावांची ‘गुलामगिरी’ पुन्हा काढली. सोबतच्या पोरानं विचारलं, “काहून गा भाऊ, जोतिबानं येशूले बळीराजा काहून म्हटलं? तो काय आपला होता?”

प्रश्न साधा नाही, मित्रांनो.

१८७३ साली जोतीरावांनी येशूला बळीच्या रांगेत बसवला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा माणूस ख्रिस्ती मात्र झाला नाही. त्यांना स्वर्ग नको होता, भटशाहीविरुद्ध साक्षीदार हवा होता. आणि साक्षीदार खोटा नव्हता. हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांची बाजू येशूनं घेतली. शब्बाथाच्या दिवशी रोगी बरे केले. कुष्ठरोग्याला हात लावला. मंदिरातल्या सराफांची मेजं उलथली. सोवळं मोडणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण योहानाच्या शुभवर्तमानातली विहीर बघा. यहुदी ज्यांना विटाळ मानत, त्या शोमरोनी जातीच्या बाईकडे येशू पाणी मागतो. गोष्ट मोठीच. तरी हात पुढं करणारा वरचा आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर खालच्यांनी कुणाच्या मोठेपणाची वाट पाहिली नाही. पाणी हक्कानं घेतलं. मला जोतीरावांच्या मांडणीत इथंच खटकतं. बळी येईल नि सोडवील, अशी वाट बघायला ती जागा ठेवते.

दुसरं. येशू म्हणाला, मी नियमशास्त्र मोडायला नाही, पुरं करायला आलो. बाबासाहेबांनी महाडलाच मनुस्मृती जाळली, तीही २५ डिसेंबरला, ऐन नाताळात. रूढीशी भांडणं एक, रूढीच्या पोथीला काडी लावणं दुसरं. आणि येशूनं स्वतःला देवाचा पुत्र म्हणवलं, बुद्धानं धम्मात स्वतःसाठी तशी जागा ठेवली नाही, हा फरक ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट मांडलाय. १६ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या चांद्यात दीक्षा झाली, ती तारणहार शोधायला नव्हे.

मग येशू बंडखोर होता का? होता. आपल्याला पुरेल इतका नव्हता.

पण एवढ्यावर हात झटकू नका. त्या विहिरीच्या गोष्टीवर भरवसा ठेवून आपलेच महार-मांग ख्रिस्ती झाले. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध. ख्रिस्ती दलित अजून बाहेर. धर्म बदलला, गावानं त्याची जात बदलली का?

पोराला मी म्हटलं, येशू आपला का, हे राहू दे गा. उंबऱ्याबाहेर उभा असलेला तो भाऊ आपला का, ते सांग.

जय भीम.